पारदर्शिकांचे जतन : फाइल कोणत्या प्रकारची ठेवावी?

आपल्या समाजाचा गेल्या साठ-सत्तर वर्षांचा इतिहास जेवढा ग्रंथांत आहे, तेवढाच तो घरोघरीच्या ट्रंकांत आणि माळ्यावरच्या खोक्यांत आहे. इतरांनी आपले फोटो काढून ठेवले नाहीत; जे काढले ते आपल्याच माणसांनी, पदरमोड करून. दि. ७ डिसेंबर १९५६ रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अंत्ययात्रेला मुंबईत लोटलेला जनसागर आज आपण पडद्यावर पाहू शकतो, तो नामदेवराव व्हटकर यांनी त्या दिवशी स्वतः धडपड करून केलेल्या चित्रीकरणामुळे. पुढे १९७८ ते १९९४ असा सोळा वर्षे चाललेला नामांतराचा लढा, गावोगावच्या विहारांची पायाभरणी, श्रामणेर शिबिरे, अजिंठा-कार्ले-कान्हेरीच्या धम्मसहली, आपल्या तालुक्यातील लोनाडच्या लेण्याच्या भेटी, हे सर्व कोणी ना कोणी कॅमेऱ्यात टिपलेले आहे. त्यांपैकी काही फोटो कागदावर आहेत, तर काही स्लाइडच्या, म्हणजे पारदर्शिकांच्या रूपात आहेत.

तरुण सभासदांनी स्लाइड कदाचित पाहिलीही नसेल. पुठ्ठ्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या दोन इंची चौकटीत बसवलेला फिल्मचा रंगीत तुकडा, म्हणजे स्लाइड. आतील चित्राचे माप फक्त ३६ बाय २४ मिलिमीटर. प्रोजेक्टरमध्ये घालून भिंतीवर पांढऱ्या चादरीवर ती दाखवीत. लेण्यांवरील व्याख्यानांना आणि धम्मवर्गांना १९७० ते १९९० च्या काळात स्लाइडचा चांगला उपयोग होत असे. निगेटिव्हवरून प्रिंट काढावी लागते, स्लाइडचे तसे नाही. कॅमेऱ्यात जी फिल्म होती तीच धुऊन चौकटीत बसवलेली असते. म्हणून प्रत्येक स्लाइड ही एकमेव मूळ प्रत असते. ती गेली की चित्र गेले.

आणि ती जात आहे. कोकणपट्टीची दमट हवा आणि चार महिन्यांचा पावसाळा यांमुळे फिल्मवर बुरशी धरते. आपल्या निजामपुऱ्यात आणि एकूणच भिवंडीत यंत्रमागांच्या सुताची बारीक तुसे हवेत असतात, ती फिल्मवर बसतात. २६ जुलै २००५ च्या महापुरात शहराच्या सखल भागात पाणी शिरले, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या किती ट्रंका भिजल्या असतील याचा विचारच केलेला बरा. शिवाय रंगही उडतात. जुन्या एक्टाक्रोम जातीच्या अनेक फिल्मचा निळसर-हिरवा रंग अंधारात ठेवूनही फिका होतो आणि सगळे चित्र लालसर दिसू लागते. कोडाक्रोम फिल्म अंधारात दीर्घकाळ टिकते, मात्र प्रोजेक्टरच्या प्रखर दिव्यासमोर ती लवकर विटते. यावर उपाय एकच, वेळीच स्कॅन करून संगणकात प्रत ठेवणे. हे आता बऱ्याच जणांना पटले आहे. पण स्कॅन करताना फाइल कोणत्या प्रकारची घ्यायची, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, आणि नुकसान नेमके तेथेच होते.

एका परिचित कुटुंबाची हकीकत सांगतो. त्यांच्या दिवंगत वडिलांनी काढलेल्या साठ-सत्तर स्लाइड त्यांनी एका दुकानातून स्कॅन करून आणल्या. दुकानदाराने सीडी दिली, घरच्यांनी संगणकावर पाहिले, चित्रे छान दिसली. आता यांचे काय काम, म्हणून मूळ स्लाइडचे खोके घर रंगवताना टाकून दिले. पुढे एका १४ एप्रिलला वडिलांच्या फोटोचा मोठा फ्लेक्स करायचे ठरले. छापखान्यात फाइल मोठी केली तर चेहऱ्याच्या जागी नुसते चौकोन! फाइल होती जेमतेम दीडशे केबीची, जेपेग प्रकारची. दुकानदाराने फसवले असे म्हणता येणार नाही. त्याला कोणी काही सांगितलेच नव्हते. पण त्या चित्रात आता जेवढे आहे तेवढेच, अधिक काही मिळणार नाही.

हे असे का होते ते समजून घेऊ. संगणकातील चित्र म्हणजे पिक्सेल नावाच्या लहान लहान ठिपक्यांचे विणलेले कापड होय. आपल्या गावात हे समजावून सांगायला वेगळा दाखला नको. कापडाचा दर्जा इंचाला रीड किती आणि पीक किती यावर ठरतो. स्कॅनिंगमध्येही तसेच आहे. एका इंचात किती ठिपके घ्यायचे, त्या आकड्याला डीपीआय म्हणतात. कागदावरचा फोटो ३०० डीपीआयला स्कॅन केला तर चालतो. पण स्लाइड दीड इंचापेक्षाही लहान. ती ३०० डीपीआयला घेतली तर रुंदीत सव्वाचारशेच ठिपके मिळतात. तेवढ्यात चेहरा ओळखू आला तरी नशीब. २४०० डीपीआयला सुमारे ३४०० बाय २२७० ठिपके येतात, त्यातून चांगली ए-फोर आकाराची प्रिंट निघते. ४००० डीपीआयला सुमारे ५६७० बाय ३७८०, म्हणजे दोन कोटींच्या वर ठिपके येतात. हाताने काढलेल्या बहुतेक स्लाइडमध्ये याहून जास्त तपशील नसतोच. साध्या सपाट स्कॅनरच्या जाहिरातीत ६४०० असा आकडा असतो, पण त्याच्या भिंगाला तेवढे दिसत नाही. फाइल फुगते, तपशील वाढत नाही. म्हणून आकड्याला भुलू नये.

आता फाइलींच्या प्रकारांकडे वळू. सर्वांच्या परिचयाचा प्रकार जेपेग. त्याचे प्रमाण १९९२ साली ठरले. फाइल लहान करण्यासाठी जेपेग चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोनातला बारीक तपशील कमी-जास्त प्रमाणात सोडून देतो. माणसाच्या डोळ्याला उजेड-अंधारातला फरक चटकन कळतो, रंगातला बारीक फरक तितका कळत नाही. म्हणून रंगाच्या माहितीला अधिक कात्री लावली जाते. युक्ती मोठी हुशारीची आहे. ४००० डीपीआयची फाइल, जी एरवी ६४ एमबीची झाली असती, ती उत्तम दर्जाच्या जेपेगमध्ये बहुधा दहा-बारा एमबीत बसते आणि डोळ्याला फरक जाणवत नाही. मात्र गाळलेले परत मिळत नाही. पीक कमी घालून विणलेल्या कापडात नंतर धागे भरता येत नाहीत, तसेच हे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. जेपेग फाइल नुसती उघडून पाहिल्याने किंवा एका पेनड्राइव्हवरून दुसऱ्यावर कॉपी केल्याने खराब होत नाही. ती उघडून, त्यात फेरफार करून पुन्हा ‘सेव्ह’ केली की पुन्हा कात्री चालते. आज कोणी उजेड वाढवला, उद्या कोणी कडा कापल्या, परवा कोणी खाली नाव टाकले. चार हातांतून गेलेल्या फोटोची कळा त्यामुळेच उतरते. व्हॉट्सॲपवर साध्या रीतीने फोटो पाठवला की तेथेही तो लहान करून, पुन्हा दाबून पाठवला जातो. तीच फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली तर जशीच्या तशी जाते, एवढे प्रत्येकाने ध्यानात ठेवावे.

दुसरा प्रकार टिफ. हा १९८६ साली अल्डस नावाच्या कंपनीने काढला, पुढे तो अडोबी कंपनीकडे आला, आणि त्याची १९९२ सालची सहावी आवृत्ती आजही चालते. टिफमध्ये प्रत्येक ठिपका जसा वाचला तसा लिहून ठेवता येतो, काहीही गाळले जात नाही. त्याचा आराखडा सर्वांना खुला आहे आणि जगभरातील ग्रंथालये, अभिलेखागारे हाच प्रकार मूळ प्रतीसाठी वापरतात. फाइल मोठी होते एवढाच त्याचा दोष, आणि हार्ड डिस्क स्वस्त झाल्यापासून तो दोष फारसा उरलेला नाही.

टिफचे आणखी एक बळ आहे. त्यात प्रत्येक रंगाच्या १६ बिट नोंदी ठेवता येतात. आपण नेहमी वापरतो त्या जेपेगमध्ये त्या ८ बिटच असतात. विद्यार्थी मित्रांनी हे नीट समजून घ्यावे, कारण लेण्यांच्या स्लाइडसाठी हीच बाब सर्वांत महत्त्वाची आहे. ८ बिट म्हणजे काळ्यापासून त्या रंगाच्या पूर्ण उजेडापर्यंत २५६ पायऱ्या. १६ बिट म्हणजे ६५,५३६ पायऱ्या. साध्या उन्हातल्या फोटोला २५६ पायऱ्या पुरतात. पण अजिंठ्याच्या लेण्यात, जेथे प्रकाश जेमतेम असतो, तेथे काढलेल्या स्लाइडचा तीन चतुर्थांश भाग काळोखातच असतो. त्या काळोखात बोधिसत्त्वाचा हात आहे, स्तंभावरचे नक्षीकाम आहे, पण ते २५६ पैकी खालच्या वीस-पंचवीस पायऱ्यांत दाटीवाटीने बसलेले असते. संगणकावर उजेड वाढवला की त्या पायऱ्या एकमेकींपासून लांब ताणल्या जातात आणि सावलीत पट्टे दिसू लागतात. १६ बिटमध्ये त्याच काळोखात हजारो पायऱ्या असतात. उजेड वाढवला तरी चित्र फाटत नाही. लालसर पडलेल्या जुन्या स्लाइडचा रंग सुधारायचा असेल तरी हेच लागू पडते. ४००० डीपीआयला १६ बिटची एक टिफ फाइल सुमारे १२८ एमबीची होते. तीनशे स्लाइड म्हटल्या तर ३९ जीबीच्या आत काम होते. ६४ जीबीच्या एका पेनड्राइव्हवर आख्खा संग्रह बसतो.

बाकीचे प्रकार थोडक्यात सांगतो. पीएनजी हा १९९६ साली आला. त्यातही काही गाळले जात नाही, तो १६ बिटही घेतो, पण त्याचा जन्म पडद्यावरच्या चित्रांसाठी झाला, आणि छपाईच्या व स्कॅनिंगच्या कामात टिफचीच वहिवाट आहे. जीआयएफमध्ये फक्त २५६ रंग असतात. फोटोसाठी तो घेऊच नये. जेपेग २००० हा नावाने जेपेगचा भाऊ असला तरी वेगळा आहे. त्यात काही न गाळता फाइल लहान करता येते व मोठी ग्रंथालये तो वापरतात, पण घरच्या संगणकावर तो सहजी उघडत नाही. रॉ हा प्रकार कॅमेऱ्याचा. हल्ली पुष्कळ जण मागून उजेड देऊन चांगल्या कॅमेऱ्याने स्लाइडचा फोटो काढतात. तसे करायचे असल्यास रॉमध्येच काढावा. रॉ म्हणजे ग्रे कापड. रंगाई-छपाई व्हायची आहे, म्हणून हवा तो रंग देता येतो. पण प्रत्येक कंपनीचा रॉ वेगळा, म्हणून शेवटी त्याची टिफ करून ठेवणेच श्रेयस्कर.

एकाच कंपनीच्या हातातल्या प्रकारावर विसंबले की काय होते, त्याचे उदाहरण कोडॅकचेच आहे. १९९२ साली कोडॅकने फोटो सीडी नावाची पद्धत मोठ्या गाजावाजाने आणली. स्लाइड द्या, सीडी घ्या. दर्जा चांगला होता, एका सीडीवर सुमारे शंभर चित्रे बसत. पण त्या फाइलींचा प्रकार कोडॅकचा खासगी होता. पुढे कंपनीने ती पद्धत सोडून दिली, आणि आज त्या सीडी ज्यांच्याकडे आहेत त्यांना त्या उघडणारे सॉफ्टवेअर शोधत फिरावे लागते. ज्याचा आराखडा खुला आहे आणि ज्याला हजारो संस्था बांधलेल्या आहेत, तोच प्रकार आपल्या नातवंडांच्या काळातही उघडण्याची शक्यता अधिक.

तेव्हा माझे मत असे : मूळ प्रत १६ बिट टिफमध्ये एकदाच करावी आणि तिला पुन्हा हात लावू नये. तिच्यावरून दुसरी प्रत काढून तीत रंग, उजेड, कडा सुधाराव्यात. आणि त्या सुधारलेल्या प्रतीवरून स्मरणिकेसाठी, फ्लेक्ससाठी, मोबाइलसाठी लागतील तशा जेपेग काढाव्यात. जेपेग वाईट नाही. वाटण्यासाठी त्याच्यासारखा प्रकार नाही. टिफवरून जेपेग केव्हाही निघते, जेपेगची टिफ केली तर फक्त फाइल मोठी होते. ज्यांना खर्चामुळे सगळ्या स्लाइड अशा करणे शक्य नाही, त्यांनी निवड करावी. सहलीतल्या एकाच देखाव्याच्या दहा स्लाइड असतील तर एकीची टिफ, बाकीच्यांची उत्तम दर्जाची जेपेग चालेल. पण माणसांचे चेहरे, सभा, मोर्चे, फलक आणि आता पडून गेलेल्या वास्तू यांत काटकसर करू नये.

स्टुडिओत काम देताना तोंडी न सांगता चिठ्ठीवर लिहून द्यावे : ४००० डीपीआय, १६ बिट, टिफ, शार्पनिंग नको, कडा कापू नयेत. धूळ काढण्याची इन्फ्रारेड सोय स्कॅनरमध्ये असेल तर ती आपल्या गावच्या तुसांवर फार उपयोगी आहे. फिल्मच्या रंगांतून इन्फ्रारेड किरण आरपार जातात, धुळीतून जात नाहीत, त्यावरून यंत्राला धूळ कळते. परंतु कोडाक्रोम आणि चांदीयुक्त कृष्णधवल फिल्मवर ही सोय नीट चालत नाही; खरा तपशीलच धूळ समजून पुसला जाऊ शकतो. चौकटीवर कोडाक्रोम असे छापलेले असेल तर ही सोय बंद ठेवायला सांगावे. स्कॅनपूर्वी हवेच्या रबरी फुग्याने धूळ उडवावी. रुमालाने पुसू नये, पाणी तर मुळीच लावू नये.

स्लाइड उलटी बसण्याची चूकही नेहमी होते. फलकावर अक्षरे असतील तर ती लगेच कळते. अक्षरे नसतील तर मूर्तीकडे पाहावे. भूमिस्पर्श मुद्रेत तथागतांचा उजवा हात भूमीला टेकलेला असतो. स्कॅनमध्ये डावा हात टेकलेला दिसला तर स्लाइड उलटी आहे. अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यातील सुमारे ७ मीटर लांबीची महापरिनिर्वाण मूर्ती उजव्या कुशीवर आहे, म्हणजे समोरून पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला मस्तक येते. बाबासाहेबांचा नेहमीचा उभा पुतळा उजव्या हाताचे बोट उंचावतो आणि ग्रंथ डाव्या हाताशी असतो. आपल्या मुलांना हे तपासायला बसवावे, त्यांचाही अभ्यास होईल.

नावांची नोंद हा खरे तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे. फाइलीला नाव देताना वर्ष आधी, मग स्थळ, मग क्रमांक, असे साध्या इंग्रजी अक्षरांत व अंकांत द्यावे, मध्ये रिकामी जागा सोडू नये. चौकटीवर वडीलधाऱ्यांनी पेनने लिहिलेले काही असेल, किंवा धुलाईचा महिना-वर्ष छापलेले असेल, तर चौकटीच्या दोन्ही बाजूंचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. आणि एक वही करावी. स्लाइडचा क्रमांक, स्थळ, प्रसंग, चित्रातील व्यक्तींची नावे डावीकडून उजवीकडे, आणि ती नावे कोणी सांगितली ते. स्कॅनरला पुढच्या वर्षीही चेहरा वाचता येईल. चेहऱ्याचे नाव सांगणारे ऐंशी वर्षांचे काका-काकी पुढच्या वर्षी असतीलच असे नाही. यासाठी रविवारच्या वंदनेनंतर विहारात तासभर स्लाइड पडद्यावर दाखवून सर्वांना विचारणे हा उत्तम मार्ग. दाखवताना मात्र स्कॅन केलेली जेपेग दाखवावी, मूळ स्लाइड प्रोजेक्टरच्या दिव्यासमोर धरू नये.

प्रती किती ठेवाव्यात, याचे उत्तर अजिंठ्यानेच दिलेले आहे. १८४४ साली मेजर रॉबर्ट गिल यांची अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी नेमणूक झाली. लेण्यांजवळ राहून वर्षानुवर्षे खपून त्यांनी केलेली मोठमोठी चित्रे लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली होती. डिसेंबर १८६६ च्या आगीत त्यांतली बहुतेक सर्व जळाली. मग मुंबईच्या सर जे. जे. कला विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या. त्या लंडनलाच साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात पाठवल्या, आणि १८८५ साली तेथेही आग लागून त्यांतल्या शंभराहून अधिक खराब झाल्या. दोन पिढ्यांचे कष्ट गेले, आणि तोवर लेण्यांतील मूळ चित्रांचेही पापुद्रे सुटतच होते. त्या काळी दुसरी प्रत करायची म्हणजे पुन्हा भिंतीसमोर बसावे लागे. आज दुसरी प्रत म्हणजे पाच मिनिटांचे काम. टिफचा संपूर्ण संच दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्यावा, एक मंडळाकडे आणि एक दुसऱ्या गावातील सभासदाच्या घरी, शक्यतो वरच्या मजल्यावर ठेवावी. तिसरी प्रत इंटरनेटवरील साठवणीत. वर्षातून एकदा, वर्षावास सुरू होण्यापूर्वी म्हणा, दोन्ही डिस्क लावून फाइली उघडतात की नाही ते पाहावे. सीडीवर विसंबू नये.

स्कॅन झाल्यावर मूळ स्लाइड टाकू नयेत. स्कॅनर सुधारत राहतील, फिल्म मात्र पुन्हा तयार होणार नाही. कोडाक्रोमचे उत्पादन २००९ साली थांबले. मऊ पीव्हीसीचे चिकट पाकीट काढून टाकावे, त्याने फिल्म खराब होते. पॉलिप्रॉपिलीनचे पाकीट किंवा मूळचे प्लॅस्टिकचे खोके चालते. खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात व पावसाळ्यात त्या बदलाव्यात, डांबराच्या गोळ्या ठेवू नयेत. खोके कपाटात ठेवावे, पण बाहेरच्या ओल येणाऱ्या भिंतीला लागून नको, आणि त्याच्या झाकणावर नोंदवहीतील क्रमांक व स्कॅन केल्याची तारीख लिहावी.